मोफत धान्याचा शेवटचा महिना आणि माझी उधारीची वही

वाणी_दांडेकरपूल | रविवार, २९ नोव्हेंबर २०२०, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचतच आलो, लिहिलं फार कमी. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी १९८८ साली टाकलं, आता मी बघतो. आज रविवार म्हणून उधारीची वही घेऊन बसलो होतो. बेरीज करता करता मन इतकं जड झालं की म्हटलं, कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

परवा शुक्रवारी सरकारने जुलै ते सप्टेंबरचे आकडे दिले. अर्थव्यवस्था साडेसात टक्क्यांनी आकसली. त्याआधीच्या तिमाहीत २३.९ टक्के होती. म्हणजे घसरण कमी झाली, गाडी रुळावर येतेय, असं टीव्हीवर सांगतात. वस्तीतलं चित्र मला उलटं दिसतंय. एप्रिल-मेमध्ये काम नव्हतं, पण लोकांच्या गाठीला थोडं होतं. कुणाची भिशी, कुणाचं मंगळसूत्र. शिवाय गणपती मंडळं, सोसायट्या, गुरुद्वारे किट वाटत होते. आता टाळेबंदी उठली म्हणून किट बंद झाली. गाठीचं संपलंय, आणि काम परत आलं ते अर्धंच.

गिऱ्हाइकाची परिस्थिती वाण्याला तोंडाने सांगावी लागत नाही. एकेका घराचं सामान कसं बदलत गेलं ते वहीत तारखेनिशी आहे. मार्चपर्यंत किलोभर तूरडाळ नेणारं घर जूनमध्ये अर्धा किलो मसूर न्यायला लागलं, आणि आता पाव किलो बेसन. पिठल्यात पाणी वाढवता येतं. तेलाची लिटरची पिशवी मागणारी माणसं आज लहान बाटली पुढे करतात आणि 'दहाचं द्या' म्हणतात. माझ्याकडे सोयाबीनची पिशवी मार्चमध्ये ९५ ला होती, आज ११५ ला आहे. दूध तर कित्येक घरांत बंदच झालं. कोऱ्या चहाला पाच रुपयांची पुडी पुरते.

आणि बिस्किटं. पाच रुपयांचा पुडा आमच्याकडे पूर्वी सकाळी सात ते नऊमध्ये खपायचा, चहाबरोबर. हल्ली तो रात्री आठनंतर जातो. पोरं येतात, एक पुडा घेतात. दोन भावंडं असली तर दोघांत एक. ते रात्रीचं जेवण आहे हे समजायला मला दोन आठवडे लागले.

एक घर सांगतो. नाव सांगत नाही, त्या माझ्या धाकट्या बहिणीसारख्या आहेत. मार्चपर्यंत चार घरची धुणीभांडी करायच्या, महिना ६,२०० मिळायचे. आता दोनच घरं राहिली, २,८०० मिळतात. नवरा मंगल कार्यालयांत वाढपी. लग्नाला पन्नासच माणसं म्हटल्यावर वाढपी कोण बोलावणार? यंदाची अख्खी उन्हाळी लग्नसराई गेली. घरात दोन मुलं आणि सासूबाई, एकूण पाच तोंडं. रेशन कार्ड केशरी, पण त्यावर अन्नसुरक्षेचा शिक्का नाही, म्हणून सरकारचं मोफत धान्य एकदाही मिळालं नाही. मे-जूनमध्ये केशरीवाल्यांना ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळाला, तेवढाच. मार्चअखेर त्यांची उधारी ७४० होती. आज ६,३८५ आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, कणी आहे का तांदळाची?" माझ्याकडे कणी कोंबड्या पाळणारे नेतात. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्याच म्हणाल्या, "सासूबाईंना दात नाहीत ना, मऊ भात लागतो." मी दोन किलो बांधून दिली. पैसे लिहू नका म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या थांबल्या आणि मी वहीत लिहितोय ना ते बघूनच गेल्या. तुम्ही जेवलात का, असं विचारलं तर 'कामावर खाल्लं' म्हणाल्या. कामावर आता कोणी कपभर चहासुद्धा देत नाही हे त्यांनीच बायकोला सांगितलं होतं. करोनामुळे घरातली भांडी वेगळी ठेवतात.

उद्या ३० तारीख. ज्यांच्या कार्डावर शिक्का आहे त्यांना एप्रिलपासून माणशी पाच किलो मोफत धान्य जादा मिळत होतं, ते उद्या संपतंय. मुदत वाढल्याचं कुठे वाचलं नाही. म्हणजे ज्यांचं कसंबसं चाललं होतं तीही घरं माझ्या वहीत येणार. मी किती लिहीन? मलाही मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात.

कार्डावर शिक्का कसा मारून घ्यायचा, हे इथे कुणाला नीट माहीत आहे का? आणि बाकी काय करता येईल तेही सांगा. किट वाटून फोटो काढण्यापलीकडचं काहीतरी.

---

निशिगंधा_कोथरूड | २९ नोव्हेंबर, रात्री ११:२५

दादा, वाचून झोप उडाली. बिस्किटाचं वाचून तर पोटात खड्डा पडला. सविस्तर उद्या लिहिते.

---

सदानंद_प | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

तुमची तळमळ पटली, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मांडतो, राग नसावा. आठ महिने फुकट दिलं. कायम फुकट देत राहिलं तर काम करायची इच्छा उरत नाही. आमच्या भागात चारचाकी असलेल्यांकडेही केशरी कार्डं आहेत. आधी ती बोगस कार्डं रद्द करा, मग खऱ्या गरजूंना आपोआप मिळेल.

---

वाणी_दांडेकरपूल | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

सदानंदजी, राग कसला? फक्त हिशेब घालून बघा. शिक्का असलेल्या पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो मिळतं, १५ किलो गहू आणि १० किलो तांदूळ. २ आणि ३ रुपयांच्या दराने ६० रुपये होतात. बाजारात तेच आठशेच्या आसपास जातं. घराला मोठा आधार आहे, हे खरं. पण पाच किलो म्हणजे माणशी दिवसाला १६६ ग्रॅम. अंगमेहनत करणारा माणूस एका जेवणात तेवढ्याच्या भाकरी खातो. डाळ, तेल, मीठ, गॅस, भाडं यांना पैसा लागतोच. म्हणून काम सोडून कोणी बसू शकत नाही. माझ्या वहीतल्या ६१ घरांत एकही घर असं नाही की ज्यातला धडधाकट माणूस काम शोधत नाही.

---

शिधा_मदतकेंद्र | ३० नोव्हेंबर, दुपारी १:०५

मी गेली अकरा वर्षं रेशनच्या कामात आहे, कार्यकर्ती म्हणून. दादांच्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण पूर्ण वाचा.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोन प्रकारची घरं आहेत. अंत्योदय म्हणजे पिवळ्यातली अगदी गरीब घरं, त्यांना घरटी ३५ किलो. आणि प्राधान्य कुटुंब, म्हणजे केशरी कार्डावर तो शिक्का असलेली घरं, त्यांना माणशी ५ किलो. केशरी कार्ड म्हणजे वर्षाचं उत्पन्न १५ हजार ते १ लाख. त्यातल्या सगळ्यांना प्राधान्य मिळत नाही. शहरात उत्पन्न ५९ हजारांच्या आत असेल तरच. ग्रामीण भागात ही मर्यादा ४४ हजार आहे.

५९ हजारांना बारांनी भागा. महिन्याला ४,९१६ रुपये. अख्ख्या घराचे. पुण्यात एका खोलीचं भाडंच साडेतीन-चार हजार. दोघं नवरा-बायको राबत असतील तर ते कागदावर गरीब ठरूच शकत नाहीत. दादांच्या त्या ताई मार्चपूर्वी खऱ्या उत्पन्नाने बसल्या नसत्या. आता बसतात. पण कार्ड जुन्या उत्पन्नावर, आणि माणसाचं काम गेल्याचं कार्डाला कळत नाही. मंदीत नेमकं हेच होतं. काल बरं चाललेलं घर आज खाली येतं, आणि यादी मात्र काही वर्षांपूर्वीची असते.

दुसरी अडचण इष्टांकाची. राज्याला किती लोकांचं धान्य मिळणार हा आकडा २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे, महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी. त्यानंतर पुण्यात किती माणसं आली ते आपण बघतोच. कार्यालयात गेलं की 'इष्टांक शिल्लक नाही' हे उत्तर मिळतं. तरीही अर्ज द्यायचाच. मृत्यू, स्थलांतर, दुबार नावं यांमुळे जागा रिकाम्या होतात, आणि ज्याचा अर्ज फायलीत असतो त्याचाच विचार होतो.

आता कृती. आपल्या भागाच्या परिमंडळ कार्यालयात, म्हणजे रेशनच्या कार्यालयात, जायचं. केशरी कार्डाची प्रत, सगळ्यांची आधारकार्डं, उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला आणि हमीपत्र घेऊन अर्ज करायचा. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी दहा वेळा सांगते, कारण पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. दाखला काढताना यंदाचं खरं उत्पन्न सांगायचं. काम सुटल्याचं मालकाचं किंवा ठेकेदाराचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर जोडायचं. दाद लागली नाही तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, तिथे लेखी द्यायचं. दुकानदाराने धान्य कमी दिलं किंवा पावती दिली नाही, तर १९६७ वर तक्रार होते.

सदानंदजी, बोगस कार्डं आहेत, मी नाकारत नाही. पण मी अशा मोहिमा जवळून पाहिल्यात. छाननी सुरू झाली की गाडीवाला कागद आणून देतो. रद्द होतं ते विधवा आजीचं, कारण तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. भांडी घासून रेषाच गेलेल्या असतात.

आणि धान्याचा तुटवडा म्हणाल, तर तो नाहीच. यंदा जुलैच्या सुरुवातीला सरकारी गोदामांतला साठा ठरलेल्या राखीव साठ्याच्या दुपटीहून जास्त होता. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवून दिलं, की धान्य नव्हतं म्हणून माणसं मेली नाहीत, ते विकत घ्यायची ऐपत गेली म्हणून मेली.

---

भोसरीकर_आप्पा | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी भोसरी एमआयडीसीत. सुट्या भागांच्या एका छोट्या कारखान्यात ठेक्यावर, सीएनसी मशीन चालवायचो. कारखान्याचं नाव नको. आमची मंदी करोनाने सुरू झाली नाही हे लोक विसरतात. २०१९ च्या पावसाळ्यात गाड्यांची विक्री कोसळली, मोठ्या कंपन्यांनी महिन्यातले पाच-सात दिवस उत्पादन बंद ठेवायला सुरुवात केली, आणि तिकडे एक दिवस बंद म्हणजे आमच्याकडे तीन दिवस. ओव्हरटाइम तेव्हाच गेला. जी काही शिल्लक होती ती त्याच वर्षी संपली. मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा खिशात काही नव्हतंच.

जूनमध्ये ठेकेदाराने 'ब्रेक' दिला. परत बोलावतो म्हणाला. आम्ही अठरा जण होतो, सातजणांना बोलावलं, तेही १२,५०० च्या जागी ९,००० वर. मी त्या सातांत नाही. खोलीचं भाडं साडेचार हजार. बायको-मुलाला जालन्याला सासरवाडीला ठेवून आलो, इथे चौघं मिळून राहतो आणि एक वेळ बनवतो. दुपारी शिवभोजन. पाच रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पोट पूर्ण भरत नाही, पण गरम असतं. बारापासून रांगेत उभं राहिलं तर मिळतं, उशिरा गेलं तर थाळ्या संपतात. रांगेत आता पँटशर्टातली माणसं दिसतात, बॅग मागे लपवलेली.

एक कामाचं सांगतो, कारण मला स्वतःला ते उशिरा कळलं. ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी कापली जात होती, त्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेल्यावर सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. आधी पाव मिळायची, ऑगस्टमध्ये निम्मी केली. २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० मध्ये काम गेलेल्यांसाठी आहे. दोन वर्षं विमा आणि आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मालकाच्या सहीसाठी अडून बसायचं नाही, शाखा कार्यालयात थेट अर्ज होतो. मी भरला, पैसे खात्यात आले. बरोबरच्या अकरापैकी चौघांच्या नावावर ठेकेदाराने वर्गणीच भरली नव्हती. पगारातून मात्र कापत होता. त्यांना काहीच नाही.

---

पेठेतला_विद्यार्थी | १ डिसेंबर, सकाळी ८:१०

सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास करतो. गाव लातूर जिल्ह्यात. ११ ऑक्टोबरची पूर्वपरीक्षाही दोन दिवस आधी पुढे गेली, नवीन तारीख नाही. घरून पैसे मागवत नाही, कारण ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन शेतातच कुजलं. आमच्यातले बरेच जण एक डबा दोघांत घेतात. सकाळचा अर्धा ठेवून रात्री खायचा. काकू डब्यात पोळी जास्त टाकतात, त्यांना न सांगता कळतं. लिहायचं नव्हतं, पण आप्पांनी बॅग लपवणाऱ्यांचं लिहिलं म्हणून लिहिलं.

---

सेविका_येरवडा | १ डिसेंबर, दुपारी ३:४५

मी अंगणवाडी सेविका, नागरी प्रकल्पात. इथले बहुतेक जण मोठ्यांच्या भुकेबद्दल बोललात, मी लहानांचं सांगते.

मार्चपासून अंगणवाडीत गरम आहार बंद आहे. घरपोच कच्चा शिधा देतो, गहू, हरभरा, मसूर डाळ, तिखट, हळद, मीठ. तो मुलाच्या नावाने येतो आणि घराच्या पातेल्यात जातो, आणि त्यात आईची चूक नाही. पाच माणसं उपाशी असताना दोन वर्षांच्या बाळासाठी वेगळी डाळ कोण शिजवेल? गरम खिचडी अंगणवाडीत पोराच्या ताटात पडायची, तिथेच संपायची. तो फरक मोठा आहे.

मध्ये वजनं घेणंच थांबलं होतं. आता दारोदार जाऊन घेतोय. गेल्या आठवड्यात एका बाळाचं वजन केलं. मार्चमध्ये वर्षाचं होतं, ८ किलो २०० ग्रॅम. आता वीस महिन्यांचं आहे, ८ किलो ३००. आठ महिन्यांत शंभर ग्रॅम. मला वाटलं काटा बिघडला, म्हणून आधी माझी पर्स लावून बघितली, मग बाळाला परत ठेवलं. तेवढंच. दंडघेराची पट्टी लावली, बारा सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली गेलं की लाल, साडेबारापर्यंत पिवळं. बाळ पिवळ्यात होतं. आईला विचारलं काय देतेस. म्हणाली, कोऱ्या चहात बिस्किट कुस्करून. दादा, तुमचा तो पाच रुपयांचा पुडा.

आम्हाला शिकवलंय, बाळाच्या खिचडीवर चमचाभर तेल सोडायला सांगा, कमी घासात जास्त ताकद जाते. मी सांगितलंही. तिने कोपऱ्यातली बाटली उचलून दाखवली. तळाला बोटभर तेल होतं आणि ते शनिवारपर्यंत पुरवायचं होतं. मी पुढे काही बोलले नाही. त्या बाळाची नोंद मध्यम कुपोषितमध्ये केली आहे, दर आठवड्याला जाणार आहे. तोवर रोज एक अंडं माझ्याकडून.

---

इंदापूरचे_काका | १ डिसेंबर, रात्री ८:२०

वय ६९. १९७२ च्या दुष्काळात मी एकवीस वर्षांचा होतो, इंदापूर तालुक्यात. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली. खायला मिलो, तो अमेरिकेचा तांबडा जोंधळा. भाकरी वातड व्हायची आणि तिला वास यायचा. कामावर सुकडी मिळायची, ती बायका पदरात बांधून पोरांसाठी न्यायच्या. हाल होते, पण सकाळी उठून जायला एक जागा होती. हजेरी लागायची, आठवड्याला पगार व्हायचा. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, आणि १९७७ साली कायदा झाला. २००५ साली देशाने तो उचलला. दोन्ही वेळी शहर बाहेर राहिलं. त्या वाढप्याने, त्या भोसरीच्या पोराने कुठे जाऊन काम मागायचं? नाले आहेत, टेकड्या आहेत, महापालिकेच्या शाळांची रंगरंगोटी आहे. काम नाही असं नाही.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. एवढ्यात राबणारा माणूस जगत नाही, म्हणून पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेने सरकारशी भांडण मांडलं. त्याच दुष्काळात १८७७ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम काढला, तिथे मुलांना जेवू घालत. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. वाण्याने वर १६६ ग्रॅम लिहिलंय.

तिसरं. बहात्तरनंतर दोनच वर्षांनी, १९७४ साली, हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या पुढाकाराने 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमालाला ना नफा ना तोटा तत्त्वावर झुणका-भाकर. मी स्वतः नाना पेठेत कित्येक वर्षं तिथे जेवलो. पैसे देऊन जेवायचो, मान खाली घालावी लागायची नाही. तुम्ही काही करणार असाल तर ते या अंगाने करा.

---

वारजेकर७ | २ डिसेंबर, सकाळी ९:५०

काकांना +१. वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून रोज जातो. पूर्वी साडेनऊपर्यंत नाका रिकामा व्हायचा. आज दहा वाजले तरी पन्नास-साठ जण डबा घेऊन उभे होते. ५०० ची मजुरी ३०० वर आली आहे आणि तीही नाकारायची कुणाची हिंमत नाही.

---

निशिगंधा_कोथरूड | २ डिसेंबर, रात्री १०:१५

उद्या लिहिते म्हणाले होते, तीन दिवस लागले, कारण जे लिहायचं होतं ते आधी करायचं होतं.

आमच्याकडे चौदा वर्षं एक मावशी येतात. मुलगी त्यांच्या हातावर मोठी झाली. एप्रिलचा पगार मी दिला. मेपासून सोसायटीने बाहेरच्यांना येऊ देणं बंद केलं आणि मी पगारही बंद केला. माझा आणि नवऱ्याचा, दोघांचा पगार चालू होता. त्याचा कापला होता, माझा पूर्ण. तरी मनाशी म्हटलं, काम नाही तर पगार कसा द्यायचा? मावशींनी मागितला नाही. सप्टेंबरमध्ये बस सुरू झाल्यावर परत आल्या तेव्हा कानातलं नव्हतं. ते मला दिसलं होतं आणि मी काही विचारलं नाही.

काल चार महिन्यांचा पगार दिला, दहा हजार. घेत नव्हत्या. म्हटलं, मी घरात बसून पगार घेत होते, तसाच हा तुमचा आहे. मग घेतला. सोसायटीच्या गटावरही लिहिलं. ८४ घरांपैकी नऊ जणींनी असाच मागचा पगार द्यायचं कबूल केलंय. तिघींनी वाद घातला. बाकीच्या गप्प आहेत. आणि घरात शिजलेलं त्यांना त्याच ताटात वाढायचं, हे मी माझ्यापुरतं आजपासून परत सुरू केलंय.

इथे ज्यांच्या घरी कामाला कोणी येतं, त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. एकदा मार्चपासूनचा हिशेब काढा.

---

सदानंद_प | ३ डिसेंबर, सकाळी ८:००

सगळे प्रतिसाद वाचले. सेविकाताईंचा दोनदा. बोगस कार्डांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण त्याची शिक्षा या माणसांना होऊ नये हे मान्य. मी बँकेतून निवृत्त आहे, अर्ज आणि दाखल्याची कागदपत्रं भरणं मला चांगलं जमतं. वाणीदादा, रविवारी दुकानासमोर टेबल-खुर्ची ठेवू द्याल का? झेरॉक्सचा खर्च माझा.

---

वाणी_दांडेकरपूल | ३ डिसेंबर, सकाळी ८:२०

टेबल तयार आहे. दहा वाजता या. शिधाताई, तुम्हीही पहिल्या रविवारी तासभर आलात तर चुका होणार नाहीत.

---

सेविका_येरवडा | १५ डिसेंबर, रात्री ९:००

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे शनिवारी आले. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ खुरटलेली, जवळपास २६ उंचीच्या मानाने हडकुळी. मंडळी, ही आपल्या राज्याची पाहणी २०१९ च्या दुसऱ्या सहामाहीतली आहे. टाळेबंदीच्या आधीची. मार्चनंतर काय झालं ते त्यात नाहीच.

माझं बाळ ८ किलो ४५०. दंड अजून पिवळ्यात.

---

वाणी_दांडेकरपूल | रविवार, २० डिसेंबर, रात्री १०:०५

तीन रविवार झाले. एकूण ४७ अर्ज भरले. सदानंदजी सकाळी दहाला येतात आणि दुपारी दोनपर्यंत उठत नाहीत. पहिल्या रविवारी लोक लांबून बघत होते, सरकारी माणूस समजून. आज नऊपासून रांग होती. ४७ पैकी ३१ जणांना परिमंडळ कार्यालयातून पोच मिळाली. सहा परत आले, दाखला जुना म्हणून. बाकीचे दाखल्यासाठीच अडकलेत. धान्य अजून एकालाही सुरू झालेलं नाही. इष्टांक शिल्लक झाल्यावर, असं उत्तर आहे. शिधाताई महिनाअखेर लेखी तक्रार करणार आहेत, आम्ही बरोबर जाणार.

मोफत धान्याची मुदत वाढली नाही. माझ्या वहीत या महिन्यात चौदा नवी घरं आली.

त्या ताईंबद्दल तिघा-चौघांनी विचारलं. त्यांची उधारी मी भरतो, असं इथल्या एका सदस्याने मला कळवलं होतं. मी त्यांना नाव न घेता विचारून पाहिलं. एकदम ताठ झाल्या. म्हणाल्या, "भाऊ, मी बुडवणार नाही, माझं नाव वहीत राहू द्या." मग निशिगंधाताईंनी त्यांच्या सोसायटीत दोन घरची कामं लावून दिली, कोथरूड लांब पडतं पण बस आहे. १० तारखेपासून जातात. अर्धा महिना आगाऊ मिळाला. नवरा मार्केट यार्डात रात्रीच्या गाड्या खाली करायला जातोय, मिळेल तेव्हा. अर्जाची पोच त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवलीय, असं धाकटा सांगत होता.

परवा संध्याकाळी आल्या. पाव किलो तूरडाळ मागितली. मी वही उघडली तर म्हणाल्या, रोख. डाळ बांधली, पैसे घेतले. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आणि कणी आहे का? ती लिहा."